उंबऱ्यातल्या आजी: एका छायाचित्रावरील अभिप्रायाचे प्रकरण

पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरमध्ये हौशी छायाचित्रकारांचा आमचा एक छोटा गट आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही पंधरा-वीस जण एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जमतो. प्रत्येकाचे एक छायाचित्र प्रोजेक्टरवर दाखवले जाते आणि त्यावर चार-पाच मिनिटे चर्चा होते. सदस्यांत बँकेतले कर्मचारी आहेत, प्राध्यापक आहेत, दोन फार्मासिस्ट आहेत आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता आहेत, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात. गटाचा समन्वयक म्हणून बैठक चालवण्याचे काम माझ्याकडे आहे. पुढे ज्या दोघांविषयी लिहिले आहे त्यांनी हा मजकूर वाचला आहे. ओळख पटेल असे काही तपशील त्यांच्या इच्छेनुसार बदलले आहेत.

आमच्याकडे येणारी बहुतेक छायाचित्रे ठरलेल्या ठिकाणांची असतात. धुक्यातला बीबी का मकबरा, वेरूळच्या कैलास लेण्यातील हत्ती, हिवाळ्यात नाथसागरावर उतरणारे रोहित पक्षी. जायकवाडीच्या या जलाशयाला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि आमच्यातील निम्म्या लोकांनी लांब पल्ल्याच्या लेन्स त्याच्यासाठीच घेतल्या. अशा छायाचित्रांवर बोलणे तुलनेने सोपे असते. पक्ष्याचा डोळा स्पष्ट आला आहे का, क्षितिज सरळ आहे का, पांढऱ्या पिसांतील तपशील टिकला आहे का, हे प्रश्न ठरलेले असतात आणि त्यांची उत्तरेही बऱ्याच अंशी ठरलेली असतात. स्पर्धांमध्ये परीक्षक हेच पाहतात आणि आमची नजर तिथेच तयार झाली.

त्या काळी बैठकीचे दोन नियम होते. ज्याचे छायाचित्र पडद्यावर आहे त्याने बोलायचे नाही, हा पहिला. फोटो स्वतः बोलला पाहिजे, ही त्यामागची भूमिका. दुसरा नियम लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळत: शेवटचा शब्द अण्णांचा. तो मान त्यांनी कष्टाने मिळवला होता. अजिंठ्यात फ्लॅश वापरायला बंदी आहे. तिथल्या अंधुक उजेडात, ट्रायपॉडशिवाय, श्वास रोखून कॅमेरा स्थिर कसा धरायचा हे गटातील अनेकांना अण्णांनी स्वतः सोबत नेऊन शिकवले आहे.

घटना

बीड जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका या घटनेच्या वर्षभर आधी गटात आल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्या पहाटेच्या एसटीने येत आणि चहाला न थांबता परत जात. कॅमेरा सेकंडहँड डीएसएलआर, सोबत मिळालेली १८-५५ मिमीची साधी लेन्स.

डिसेंबरच्या बैठकीत त्यांनी एक छायाचित्र आणले. दिवाळीनंतर त्यांच्या गावातून ऊसतोडीसाठी कुटुंबे निघतात. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, पाच-सहा महिन्यांसाठी पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कारखान्याच्या फडावर जाते. मुले एकतर सोबत जातात, नाहीतर शाळेच्या हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांपाशी राहतात. छायाचित्र घराच्या आतून, दाराकडे तोंड करून घेतलेले होते. उंबऱ्यात आजी बसलेल्या, चेहरा अर्धा वळलेला, आणि दाराच्या उजळ चौकटीपलीकडे माणसे व भांडीकुंडी भरलेला ट्रक.

दोघांनी विषय हृदयस्पर्शी असल्याचे सांगितले आणि ते तिथेच थांबले. मग अण्णा बोलले. चेहरा अंधारात गेला आहे, डोळे फोकसमध्ये नाहीत, दाराबाहेरचा भाग पांढराफटक झाला आहे, आणि डावीकडचा तिसरा हिस्सा रिकामा असल्याने तो कापून टाकावा, असे त्यांनी सांगितले. शेवटी ते म्हणाले, “ही घरच्या अल्बममधली आठवण आहे. याला फोटो म्हणता येणार नाही.”

मॅडमनी सगळे वहीत उतरवून घेतले, “थँक्यू सर” म्हटले आणि त्या बससाठी निघाल्या. मी पुढचे छायाचित्र लावले.

जानेवारीत त्या आल्या नाहीत. फोन केला तेव्हा स्नेहसंमेलनाची तयारी चालू असल्याचे त्यांनी सांगितले. कारण खरे असणार, पण त्याआधीच्या वर्षी संमेलन असतानाही त्या आल्या होत्या.

मूळ फाइल उघडल्यावर

मला प्रथम वाटले की प्रश्न फक्त शब्दांचा आहे: अण्णांचे शेवटचे वाक्य बोचले, बाकी म्हणणे बरोबर होते. तरीही खात्री करावी म्हणून मॅडमकडून मूळ फाइल मागवून घेतली. बैठकीत दाखवलेली प्रत व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून आलेली होती. तसे पाठवले की फाइलचा आकार आणि तपशील दोन्ही घटतात. या वेळी त्यांनी ती डॉक्युमेंट म्हणून पाठवली.

फाइलमध्ये कॅमेऱ्याची नोंद होती: लेन्स ५५ मिमीवर, तिचे छिद्र एफ ५.६, आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता ४००, आणि शटर उघडे राहिले १/३० सेकंद. डोळे स्पष्ट न येण्याचे कारण इथे दिसत होते: शटर इतका वेळ उघडे राहिले की त्यात हात किंवा माणूस किंचित हलला तरी चित्र पुसट होते. या प्रकारच्या कॅमेऱ्यात ५५ मिमीवर हातात धरून काढायचे तर शटर साधारण १/८० सेकंदापेक्षा मंद नसावे असा ठोकताळा आहे, आणि माणूस हलत असेल तर त्याहूनही वेगवान हवे. आयएसओ १६०० केला असता तर तेवढ्याच उजेडात १/१२५ मिळाले असते. छायाचित्रात थोडे कण दिसले असते, पण डोळे टिकले असते. अण्णांचा आक्षेप बरोबर होता. मात्र डोळे फोकसमध्ये नाहीत असे ऐकून मॅडम पुढच्या वेळी फोकसचा बिंदू बदलत बसल्या असत्या, कारण खरा दोष शटरचा आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

चेहरा अंधारात असल्याचा आक्षेप अर्धाच खरा होता. दारातून येणाऱ्या प्रखर उजेडामुळे कॅमेऱ्याने एक्स्पोजर (आत घेतलेला प्रकाश) कमी धरले होते हे खरे, पण माझ्या लॅपटॉपवर गालावरच्या सुरकुत्या मोजता येत होत्या. आमचा प्रोजेक्टर जुना आहे आणि सभागृहाच्या पूर्वेकडच्या दोन खिडक्यांना पडदे नाहीत. सकाळी दहाच्या उन्हात प्रोजेक्टरच्या पडद्यावरचा काळा भाग करडा होतो आणि सावलीतले बारकावे त्यात बुडून जातात. नाथसागराच्या उजळ छायाचित्रांत हे कधी लक्षात येत नाही.

शेवटच्या आक्षेपाने मला खरोखर अस्वस्थ केले. कापून टाकायला सांगितलेल्या डाव्या भागात, खालच्या कोपऱ्याजवळ, एका लहान मुलाचा हात होता. मूल चौकटीबाहेर होते. फक्त मनगटापर्यंतचा हात आणि त्या मुठीत घट्ट धरलेले आजींच्या लुगड्याचे टोक. पडद्यावर तो कोणालाच दिसला नव्हता. जे दिसलेच नाही ते कापून टाकण्याचा सल्ला आम्ही दिला, वीस जणांपैकी एकानेही तो भाग खरोखर रिकामा आहे का असे विचारले नाही, आणि ज्यांना ठाऊक होते त्यांनी बोलायचे नाही असा आमचा नियम होता.

विचारात घेतलेले पर्याय

सर्वांत सोपा पर्याय काहीच न करण्याचा होता. गटात माणसे येतात-जातात, आणि टीका सोसता आली पाहिजे असे मानणारे आमच्यात बरेच आहेत. तो मी लवकर बाजूला ठेवला, कारण इथे टीका सोसण्याचा मुद्दाच नव्हता. टीकेतील निम्मा भाग चुकीच्या प्रतीवर बेतलेला होता.

दुसरा पर्याय अण्णांनी पुढच्या बैठकीत सर्वांसमोर दिलगिरी व्यक्त करण्याचा. दोन सदस्यांनी तो आग्रहाने मांडला. मला तो पटला नाही आणि आजही पटत नाही. गटात स्त्रिया तीनच आहेत. ज्या खोलीत मॅडमना वीस जणांच्या नजरा झेलाव्या लागल्या त्याच खोलीत पुन्हा त्यांच्याच नावाने प्रसंग उभा करणे म्हणजे त्यांच्यावर आणखी एक भार टाकणे होते. माफी मागितली की समोरच्याला हसून “अहो, काही नाही सर” म्हणावे लागते, आणि मग मूळ विषय कायमचा मिटतो.

तिसरा पर्याय टीका बंद करून फक्त कौतुक करण्याचा. एक-दोन जणांना तो मनापासून आवडला होता. परंतु “छान”, “अप्रतिम”, “हृदयस्पर्शी” या शब्दांनीही मॅडमना काही दिले नव्हते. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरील अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला, पण एक-तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर कामगिरी खालावली होती. अभिप्राय हातातल्या कामावरून सरकून माणसाच्या स्वतःविषयीच्या भावनेकडे वळला की त्याची परिणामकारकता घटते, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे कौतुकालाही लागू पडते. अण्णांचे शेवटचे वाक्य आणि आमचे “हृदयस्पर्शी” हे दोन्ही शटरच्या १/३० पासून सारखेच दूर होते.

चौथा पर्याय खासगी संवादाचा आणि पाचवा बैठकीची पद्धतच बदलण्याचा. शेवटी हे दोन्ही करायचे ठरले, पण क्रमाने: आधी संवाद, मग पद्धत. पद्धत आधी बदलली असती तर ती मॅडमच्या नावाने ओळखली गेली असती.

काय केले

प्रथम मी अण्णांना भेटलो. त्यांना काय म्हणायचे याची मनात बरीच तयारी केली होती, तिची गरज पडली नाही. मी फक्त फाइल उघडून लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा बदलला, चित्र मोठे केले आणि डाव्या कोपऱ्यात येऊन थांबले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हा हात मला दिसलाच नव्हता.”

अण्णांविषयी इथे थोडे सांगणे आवश्यक आहे, नाहीतर ते या प्रकरणातील दोषी ठरतील आणि ते अन्यायाचे होईल. ते स्लाइड फिल्मवर शिकले. एका रोलमध्ये छत्तीस चित्रे, आणि त्या फिल्मवर प्रकाशाच्या मापात अर्ध्या स्टॉपची, म्हणजे अगदी थोडी, चूकही लपत नसे. त्यांचे गुरू आलेली स्लाइड खिडकीसमोर धरून पाहत आणि न आवडल्यास एक शब्दही न बोलता डब्यात परत ठेवत. त्या तुलनेत चार दोष नावानिशी सांगणे ही अण्णांच्या लेखी आपुलकीच होती. आपण पोरांना स्पष्ट सांगतो, त्यांचा वेळ वाचवतो, असे ते मनापासून मानत.

फोन त्यांनीच केला. मॅडम जे म्हणाल्या ते त्यांनी मला नंतर जसेच्या तसे सांगितले: “अण्णा, तुम्ही चुकीचं काही बोलला नाहीत. पण मला जे विचारायचं होतं ते राहूनच गेलं.” फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्या माझ्या घरी आल्या तेव्हा त्यांनी डिसेंबरची वही दाखवली. अण्णांच्या मुद्द्यांच्या वर, त्याच पानावर, बसमध्ये लिहिल्यासारख्या हललेल्या अक्षरात दोन ओळी होत्या: “आजींना छापून द्यायला चालेल का? किती मोठा छापू?”

त्या स्पर्धेसाठी आल्याच नव्हत्या. आमच्या चर्चेत या प्रश्नाच्या आसपासही कोणी पोहोचले नव्हते.

त्या दिवशी तिघांनी मिळून या दोन ओळींचे उत्तर शोधले. फाइल फक्त जेपीईजी होती, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. सावली फार उचलली, म्हणजे उजळली, तर तिथे रंगाचे डाग उमटणार हे उघड होते. शेजारच्या लॅबमधून मॅट कागदावर चार बाय सहा इंचांच्या तीन प्रती काढून आणल्या: एक मूळ, एक सावली थोडी उचललेली, एक बरीच उचललेली. तिसऱ्या प्रतीत चेहरा सर्वांत स्पष्ट होता आणि अण्णांनी तीच हातात घेतली. मॅडम म्हणाल्या, “यात आजी खोलीत बसल्यासारख्या दिसत नाहीत, फोटोसाठी बसवल्यासारख्या दिसतात.” खरेच, घरातला अंधार निघून गेल्यावर दाराबाहेरचा उजेडही फिका पडला होता आणि ट्रक निघून चालला आहे हे जाणवत नव्हते. मधली प्रत निवडली. हात त्यात दिसत होता. आकाराचा निर्णय अण्णांनी केला: आठ बाय बारा इंच. एवढ्या आकारात हातभर अंतरावरून डोळ्यांची किंचित हललेली रेषा खपून जाते, बारा बाय अठरा केले तर ती आधी दिसेल. १/३० आणि १/१२५ मधला फरक त्यांनी त्याच टेबलावर, खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माझ्या आईचे दोन फोटो काढून मॅडमना दाखवला.

मार्चपासून बैठकीची पद्धत बदलली. अमेरिकी नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये कलाकृतीवरील अभिप्रायासाठी चार टप्प्यांची पद्धत मांडली होती: आधी पाहणाऱ्यांनी काय जाणवले ते सांगायचे, मग कलाकाराने प्रश्न विचारायचे, मग पाहणाऱ्यांनी मत न लादणारे प्रश्न विचारायचे, आणि शेवटी कलाकाराची तयारी असेल तर मते. ती जशीच्या तशी चार मिनिटांत बसत नाही. आम्ही त्यातून एवढेच घेतले की छायाचित्रकाराने बैठकीपूर्वी एका चिठ्ठीवर एकच प्रश्न लिहून द्यायचा. पहिल्या दोघांनी मत न देता काय दिसते तेवढेच सांगायचे. मग चिठ्ठी वाचायची आणि उत्तर तिला धरून द्यायचे. दोष सांगणाऱ्याने कारण आणि पुढच्या वेळचा उपाय सांगायचा. याशिवाय मूळ फाइल पेनड्राइव्हवर आणायची आणि खिडक्यांना जाड चादरी लावायच्या. ऐकायला हे किरकोळ वाटेल, पण माझ्या मते या चादरींनी बाकी सगळ्या नियमांइतकेच काम केले.

परिणाम

पद्धत सर्वांना मानवली असे नाही. बैठक दीड तासावरून अडीच तासांवर गेली. दोन जुने सदस्य येईनासे झाले. त्यांना गुण हवे होते, प्रश्नोत्तरे नकोत, आणि त्यांची अपेक्षा गैर होती असे मी म्हणणार नाही. सुरुवातीच्या चिठ्ठ्यांवर बहुधा “कसा वाटला?” एवढेच असे. हा प्रश्न लिहिला काय आणि न लिहिला काय, सारखेच. हळूहळू प्रश्न नेमके होऊ लागले. एका फार्मासिस्ट मित्राने रोहित पक्ष्यांच्या छायाचित्रासोबत लिहिले होते, “उडवण्यासाठी बोटवाल्याला जवळ जायला सांगितले, हे चित्रात कळते का?” कळत होते. त्या दिवशी लेन्सऐवजी अंतरावर चर्चा झाली आणि ती गरजेची होती.

“फक्त दिसते ते सांगा” हा टप्पा सर्वांत उपयोगी ठरला आणि सर्वांत अवघडही. आमच्यातील अनुभवी माणसालाही मत बाजूला ठेवून एक मिनिट नुसते पाहणे जमत नाही.

मॅडम परत आल्या. पण त्यांनी मला स्पष्ट सांगितले की आता सगळे त्यांच्याशी फार जपून बोलतात आणि ते त्यांना नको आहे. शटरचे कोणी डिसेंबरमध्येच सांगितले असते तर ते कितीही कडक शब्दांत ऐकायला त्या तयार होत्या.

आज वेगळे काय केले असते

निर्णयाचा पहिला क्षण डिसेंबरचाच होता. अण्णांचे वाक्य संपले आणि मी पुढचे छायाचित्र लावले, यामध्ये चार-पाच सेकंद गेले असतील. “मॅडम, तुम्हाला यात काय विचारायचे होते?” एवढे विचारले असते तर पुढचे दोन महिने टळले असते. नियम माझ्या आड आला असे मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. वास्तविक नियम मोडण्याचा अधिकार त्या खोलीत माझ्याकडेच होता. मला ज्येष्ठांपुढे संकोच वाटला, हे त्याचे खरे कारण.

दुसरे, गैरहजेरीची वाट न पाहता त्याच संध्याकाळी फोन करायला हवा होता. आठवडाभरात केलेला फोन विचारपूस ठरतो. महिन्याने केलेला चौकशी ठरतो, आणि चौकशीला माणूस स्नेहसंमेलनाचे कारण देतो.

अभिप्राय घेणाऱ्याच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे, आणि ती मॅडमनीच सुचवली. प्रश्न वहीत होता, पण तो वहीतच राहिला. नियम काहीही असो, चर्चा संपल्यावर आणि बस सुटण्याआधी कोणा एकाला बाजूला घेऊन तो विचारता आला असता, असे त्या म्हणतात. मी या म्हणण्याशी अर्धाच सहमत आहे. पंधराव्या मिनिटाला एसटी असलेल्या आणि नुकतेच “याला फोटो म्हणता येणार नाही” असे ऐकलेल्या माणसाकडून ही अपेक्षा ठेवणे मला जड जाते.

आजींचा अभिप्राय

छापलेली प्रत मॅडमनी मार्चमध्येच आजींना नेऊन दिली. आजींनी ती उजेडात नेऊन पाहिली. आधी मुलाच्या मुठीवर बोट ठेवले, मग ट्रकवर, आणि त्यात आपला मुलगा कोणता हे विचारले. तो ओळखता येण्याइतका स्पष्ट नव्हता. मग म्हणाल्या, “ह्यात मी अशी काळी कामून दिसायले, बाई? हे तुमच्यापाशी राहू द्या. आम्हाला एक नीट उभं करून काढून द्या.”

मॅडमनी पुढच्या रविवारी तसे काढून दिले. घराच्या सावलीच्या बाजूला, भिंतीपुढे, आयएसओ ८००, शटर १/२००. आजींनी नवे लुगडे नेसून डोक्यावरून पदर घेतला होता, नातवाच्या केसांना तेल लावून भांग पाडला होता, आणि दोघेही कॅमेऱ्याकडे पाहत ताठ उभे होते. डोळे लखलखीत स्पष्ट आले. ती प्रत आज त्यांच्या भिंतीवर आहे, आणि एप्रिलमध्ये फडावरून परतलेल्या आई-वडिलांनी तिची आणखी एक प्रत मागून घेतली.

मेच्या बैठकीत मॅडमनी दोन्ही छायाचित्रे शेजारी-शेजारी लावली. पहिल्या दोघांनी काय दिसते ते सांगितले आणि मी चिठ्ठी उघडली. तीवर लिहिले होते, “उंबऱ्यातला फोटो मला आवडतो आणि आजींना आवडत नाही. मग तो मी कोणाला दाखवू शकते?”

सगळ्यांचे लक्ष सवयीने अण्णांकडे गेले. त्यांनी मॅडमना विचारले, “आजींना विचारलं का, की हा बाहेर कोणाला दाखवला तर चालेल?”

मॅडम म्हणाल्या, “नाही अण्णा. पुढच्या रविवारी विचारते.” आणि तोपर्यंत तो फोटो पडद्यावरून काढून घ्यावा, असे त्यांनी मला सांगितले.